कशाचे दहा

लातूर एमआयडीसी, एप्रिल, पत्र्याखालचा हॉल.
दोन दिवसांचं प्रशिक्षण, पंचेचाळीस स्लाइड,
आणि सव्विसाव्या स्लाइडला वीज गेली.

मशीन बाहेर उभं होतं, तुरीची डाळ करणारं.
तीन टीमनी बनवलेलं, तिन्ही टीमच्या चाचणीत पास,
आणि गिरणीवर नेलं की क्विंटलमागे वीस किलो चुरी करणारं.
बिराजदारांचं म्हणणं, रोलर बरोबर आहेत.
शाहीन पटेलचं म्हणणं, सेन्सर बरोबर आहे.
दीक्षा काही बोलली नाही,
तिनं कोडचे कागद तेवढे पुढे सरकवले.
सगळे बरोबर होते.
अशाच बरोबर असलेल्या लोकांना
मी बारा वर्षं शिकवत हिंडतेय.

मग वेल्डरकडून शंखजिऱ्याची कांडी मागून घेतली.
शॉपफ्लोअरवर तीन चौकोन काढले,
माणसं मावतील एवढे.
म्हटलं, आपापल्या घरात जा.
गेले. बिराजदार तर बूट झटकून.
शाहीन आणि दीक्षाच्या मधली रेघ
मी पुन्हा एकदा गिरवली, जाड.
ही कोणाची?

पंखे बंदच होते, त्यामुळे शांतता जास्तच ऐकू आली.
या जिल्ह्यात बांधावरून
सख्ख्या भावांचं बोलणं तुटतं,
वीतभर कोरला म्हणून तारखा पडत राहतात तिसऱ्या पिढीपर्यंत,
आणि हा अख्खा बांध मोकळा.
कोणी पाय ठेवेना.

बरं, कोणाची ते राहू द्या.
हिच्यावरून पलीकडे जातं काय?
"एक आकडा," दीक्षा म्हणाली. "ओलावा.
दहा टक्के आला की ड्रायर बंद, रोलर सुरू."
"मी दहाच पाठवते," शाहीन म्हणाली.
दोघी एकमेकींकडे बघून हसल्या,
जमलंच होतं की सगळं.

दाराशी चंद्रभागा मावशी बसल्या होत्या.
हजेरीच्या कागदावर त्यांच्यापुढे लिहिलं होतं: ग्राहक प्रतिनिधी.
एकोणीस वर्षं गिरणीत तूर वाळवणाऱ्या.
सकाळपासून त्यांना कोणी
चहाशिवाय काही विचारलं नव्हतं.
मी पण नाही. हे लिहून ठेवते.

"कशाचे दहा म्हणायलाव?" मावशी म्हणाल्या.
"शंभरात दहा पानी,
का शंभरावर दहा पानी?"

शाहीनने फोनवर गुणाकार केला.
मग परत केला.
मग दीक्षाच्या चौकोनात जाऊन तिला दाखवला.
एकीचे दहा ओल्या वजनाचे,
दुसरीचे दहा कोरड्या वजनावरचे,
मध्ये टक्क्याला थोडा कमी असा फरक,
आणि तेवढ्यात तूर काचेसारखी वाळून
रोलरखाली फुटत होती
गेले आठ महिने.

वीज आली. प्रोजेक्टर कोणी लावला नाही.
मावशींनी पोत्यातला एक दाणा दाताखाली धरला,
"कट् वाजावं, पन पीठ होऊ नये.
मला एवढंच पायजे."
दीक्षानं ते तसंच लिहिलं, कट् सकट,
आणि शेजारचा रकाना रिकामा सोडला:
हे तपासायचं कसं?
त्या रकान्यावर साडेसातपर्यंत भांडण चाललं.
आवाज मोजायचा की दाब, किती दाण्यांवर,
आणि मावशी रजेवर असतील तर दात कोणाचे.
बिराजदार हातवारे करत
केव्हाचे त्या रेघेवर उभे होते,
त्यांच्या लक्षात नव्हतं, मीही सांगितलं नाही.
एकोणीस स्लाइड तशाच राहिल्या.

निघताना अकाउंट्समध्ये चेक घ्यायला गेले.
चश्म्याआडून मुलगा म्हणाला,
"मॅडम, नियमानं दहा टक्के कापलेत."

मी खुर्ची ओढून बसले.
कशाचे, म्हटलं.